लाल डबीतलं लग्न

आमचे धुळ्याचे घरमालक, नाना, गेले तेव्हा मी त्यांच्या दारावर गेलो नाही. मुद्दाम गेलो नाही. जळगावहून धुळे ते काय लांब आहे! सकाळी एसटीत बसलं तर माणूस चार शब्द बोलून संध्याकाळच्या चहाला घरी. रजा होती, तब्येत ठणठणीत होती. बायको म्हणाली, "चार वर्षं त्यांच्या माडीवर राहिलात. काकूंना तरी भेटून या." म्हटलं, फोन करीन. तोही केला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोला तुम्ही. मला नाही जमत. आणि ह्या माणसाला मी कायम अहो-जाहो केलं; आज इतक्या वर्षांनी संतापून लिहायला बसलो तरी ते सुटत नाही, ह्याचीच मला जास्त चीड येते.

देवपुरात त्यांचं घर. वरची खोली माझी. मी तेव्हा धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत नवा लागलेला कारकून. खाली रस्त्याच्या बाजूला नानांचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान, आणि त्याच्या मागे हॉल. हॉलमध्ये मोठा टीव्ही आणि टीव्हीसमोर एकच लाकडी खुर्ची. ती खुर्ची त्यांनी लोखंडी पट्ट्या लावून, स्क्रू मारून फरशीत पक्की केली होती. खोटं नाही सांगत. टीव्ही एवढ्या इंची असेल तर डोळा एवढ्या अंतरावर पाहिजे, असं गणित त्यांनी कुठूनतरी काढलं होतं, आणि खुर्ची कोणी बोटभर सरकवली तर ते गणित बिघडणार होतं. पाहुणे आले की एकानं खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी भिंतीला टेकून उभं राहायचं, दहा मिनिटांनी पाळी बदलायची. काकू खुर्चीच्या पायांभोवती झाडू फिरवताना रोज पुटपुटायच्या, "एक दिवस मलाही ठोकून ठेवतील हे."

डिस्कला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे, तेही कोपरापर्यंत. मग धुतलेल्या मलमलीनं पुसायचे आणि डिस्कच्या भोकात बोट घालून ती उचलायची. एकदा एका नवरदेवाचा मामा नमुना बघायला आला. त्यानं तंबाखू मळलेल्या हातानंच डिस्क उचलली आणि आरशात बघतात तसं तिच्यात बघून मिशा नीट केल्या. नानांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "तुमची ऑर्डर मी घेत नाही." मामा म्हणाला, "अहो, साधी सीडी तर आहे!" झालं! 'सीडी' हा शब्द त्या घरात शिवीसारखा होता. नाना चिडले की अहिराणीवर येत. "बठ्ठा लोके येडा शेतस," म्हणजे सगळे लोक वेडे आहेत, असं ओरडत त्यांनी त्या मामाला रस्त्यापर्यंत पोचवलं. ते लग्न दुसऱ्याच शूटिंगवाल्याला मिळालं आणि काकू आत कपाळावर हात मारून बसल्या.

मी तेव्हा जिन्यात उभा राहून पोट धरून हसलो होतो. पंचवीस-सव्वीसचं वय. असा घरमालक म्हणजे मला फुकटचा तमाशा वाटायचा.

आता त्या लाल-निळ्याबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी घरोघरी डीव्हीडी होती. तिच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ चित्राची नवी डिस्क बाजारात येऊ घातली होती, आणि तिच्या दोन जाती होत्या. एक ब्लू-रे, निळ्या डबीतली. दुसरी एचडी डीव्हीडी, लाल डबीतली. जगातल्या मोठ्या कंपन्या दोन पार्ट्या पाडून भांडत होत्या, आणि एकीची डिस्क दुसरीच्या प्लेअरवर चालत नव्हती. दोन्हींपैकी एक मरणार हे सगळ्यांना दिसत होतं. ह्या भांडणाशी धुळ्याचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. काहीही नाही! नानांच्या हॉलबाहेर अख्ख्या जिल्ह्यात ह्यातलं काही बघितलेला माणूस नव्हता. पण नाना लाल पार्टीचे. नुसते बाजूचे नाहीत, ही पार्टी जणू त्यांच्या आजोबांनी काढलेली.

दुकानाबाहेर त्यांनी एक फळा टांगला होता. दर सोमवारी सकाळी त्याच्यावर खडूनं लिहायचे: लाल इतके, निळे इतके. त्या आठवड्यात कोणाचे किती सिनेमे निघाले, त्याचा हा हिशेब. नाना तो सायबर कॅफेत तासभर बसून काढून आणायचे. येणारे-जाणारे लोक वाचायचे. रिक्षावाल्यांना बरेच दिवस वाटत होतं की हे मटक्याचे आकडे आहेत. एकानं तर सलग तीन सोमवार लाल आकडा लावला, आणि लागला नाही म्हणून दुकानात येऊन नानांशी भांडला. नानांनी त्याला खुर्चीत बसवून अर्धा तास लाल डिस्क दाखवली. तो बिचारा गाडी उन्हात सोडून आला होता, उठू पण शकेना.

ह्या वेडाच्या मुळाशी त्यांचा एक सिद्धांत होता. तरुणपणी त्यांनी व्हिडिओ पार्लर चालवलं होतं. तेव्हाही कॅसेटच्या दोन जाती होत्या, छोटी आणि मोठी. छोटीचं चित्र चांगलं, मोठी स्वस्त आणि लांब. नानांनी मोठी धरली आणि मोठीच टिकली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं, की जे गरिबाला परवडतं तेच शेवटी राहतं. "निळ्याला नवा कारखाना लागतो," ते मला सांगायचे. "लाल आपल्या जुन्याच मशीनवर निघतो. मी तर घरच्या कॉम्प्युटरवर, दुकानात मिळते त्याच साध्या कोऱ्या डिस्कवर लाल लिहून दाखवतो. निळ्यावाल्यानं दाखवावं!" त्या साध्या कोऱ्या डिस्कवर वीस-बावीस मिनिटंच मावायची, म्हणून नानांचं लग्न वीस-वीस मिनिटांच्या चार डिस्कांचं असायचं. लोक तीन तास मागायचे. नाना म्हणायचे, "तीन तासांचं लग्न नवरदेव तरी बघतो का?"

समोर एका शेठचं टीव्ही-मिक्सरचं दुकान होतं. पणजोबा राजस्थानातून आलेले, हे धुळ्यात वाढलेले. रोज चारला चहा प्यायला यायचे आणि शांतपणे म्हणायचे, "नाना, आपल्याला लाल काय न् निळा काय. गिऱ्हाईक मागतं ते द्यावं. घरी प्लेअर नसेल त्याला ही डिस्क देऊन तो काय करेल, पूजा?"

"प्लेअर येतील, शेठ."

"आले की द्या ना मग. आज साधी डीव्हीडी द्या."

"खालचा माल मी हातात धरत नाही," नाना म्हणायचे. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. शेवटचं ऐकलं तेव्हा मला त्यांचा गळा धरावासा वाटला होता.

तर ताईचं लग्न ठरलं. आमचं घर सावद्याचं. आबा, म्हणजे माझे वडील, केळीच्या व्यापाऱ्याकडे गाड्या भरून घ्यायचं काम बघत. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, शूटिंग आमच्या घरमालकांकडून करून घेऊ, एक नंबर माणूस आहे. शहाणपणा माझाच.

आमच्या आईचा आवाज. हे कसं सांगू? ती शिकलेली नव्हती, गाण्याबिण्याशी संबंध नव्हता. पण गल्लीत कोणाचीही हळद असो, आई आल्याशिवाय बायका गाणं धरायच्या नाहीत. नवऱ्याकडच्यांची नावं घेऊन, प्रत्येकाला चिमटा काढत, ती न थांबता गायची. वरचा सूर लागला की माजघरात बोलणारे पुरुष गप्प व्हायचे. ताईच्या हळदीला नाना कानाला हेडफोन लावून कॅमेरा फिरवत होते. आईनं तोंड उघडलं आणि त्यांनी कॅमेरा थांबवला. "पंखा बंद करा," म्हणाले. मे महिना, सावदा, दुपारची वेळ! बायकांनी त्यांना उभं-आडवं घेतलं. नानांनी पंखा बंद करायला लावला, ताईच्या हातून आईच्या पदराला छोटा माईक लावून घेतला. आई हसायला लागली. "ओ नाना, आमी काय रेडिओवर गाऊन रायलो का?"

"तुम्ही गा अक्का," नाना म्हणाले. "बाकी मी बघतो."

परत येताना जीपमध्ये ते हेडफोन कानाला लावूनच बसले होते. पारोळ्याच्या पुढे आल्यावर एवढंच बोलले, "तुन्ही मायना आवाज स्वच्छ शे." कोणाबद्दलही चांगलं न बोलणारा माणूस. मला खूप बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

दोन महिन्यांनी चार डिस्का तयार झाल्या, चार लाल डब्यांत. मला त्यांनी बघू दिल्या नाहीत. त्यांचा नियम होता, की घरच्यांच्या आधी कोणी बघायचं नाही. "तुम्हीही आईसोबत बघा." आणि मग त्यांनी काय केलं, तर हॉलमधला स्वतःचा प्लेअर काढला. नात्यातल्या कोणीतरी अमेरिकेतून आणून दिलेला, जीव की प्राण! तो ताईला आहेर म्हणून माझ्या हातात दिला. "मला दुसरा येतोय," म्हणाले. प्लेअर तिकडच्या विजेवर चालणारा, म्हणून सोबत एक जड डबा, आपली वीज कमी करून देणारा. त्या डब्यातूनच वायर जोडायची, हे त्यांनी लाल पेनानं कागदावर लिहून दिलं.

मी सावद्याला सगळं जोडून ठेवलं. पण लोडशेडिंग! दोन दिवस टीव्ही बघण्याच्या वेळेला लाईटच नाही. सोमवारी मला कचेरीत हजर व्हायचं होतं, मी धुळ्याला निघून आलो. बुधवारी दुपारी लाईट आली. आबांनी शेजाऱ्यांना हाक मारली, आई पदर सावरून पुढ्यात बसली. आणि आबांनी तो जड डबा बघितला. सावद्यात जड डबा एकाच कामाचा: स्टॅबिलायझर. व्होल्टेज पडलं की टीव्हीला, फ्रिजला स्टॅबिलायझर लावायचा, आणि व्होल्टेज चांगलं असलं की काढून ठेवायचा, घरोघरी हेच. त्या दिवशी बल्ब मस्त पेटला होता. आबा म्हणाले, "आज तं फुल करंट हाये, याची काय गरज?" आणि प्लेअरची पिन सरळ बोर्डात घातली.

आत फट् झालं आणि जळका वास सुटला. एवढंच लग्न आमच्या घरच्यांनी पाहिलं.

नानांना फोन केला तर ते चिडले नाहीत. "येतोय दुसरा," म्हणाले. तो येईना. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मग एका सकाळी शेठ हातात पेपर घेऊनच रस्ता ओलांडून आले. "नाना, लालवाल्यांनी हात वर केले. माल काढणं बंद."

"पेपर खोटा शे."

"नाना..."

"शेठ, चहा प्या नाहीतर जा."

आठ दिवस दुकान बंद होतं. नवव्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं दिसलं: लाल थांबलेला आहे. हरलेला नाही, थांबलेला! मी कचेरीतून येता-जाता ती पाटी वाचायचो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण आता आमच्याकडे चार डिस्का होत्या आणि जगात त्यांचा प्लेअर निघायचा बंद झाला होता.

मी खाली गेलो. नीट, हात जोडून म्हटलं, "नाना, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं? साधी डीव्हीडी काढून द्या. घरी आईनं अजून काहीच बघितलं नाही."

"सहा महिने थांबा. परत उठेल ते."

"नाही उठणार हो!"

"खालचा माल मी हातात धरत नाही."

थांबलो. मी गाढव, थांबलो. पावसाळा सरता सरता आईचं पोटाचं दुखणं निघालं आणि जळगावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की फार दिवस नाहीत. आईला कोणी सांगितलं नव्हतं, पण ती काय वेडी होती? एक दिवस खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "त्या नानाले सांग ना रे. साऱ्या गावानं माहा आवाज आयकला. मी कशी गाते, मले कधी आयकूच नाई आलं."

तसाच उठलो आणि धुळ्याची एसटी धरली. नाना हॉलमध्ये खुर्चीत बसले होते, समोर टीव्ही बंद. मी त्यांना आई काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी बघितलं. आणि म्हणाले, "एक प्लेअर सापडलाय. मुंबईत एकाकडे आहे, महिनाअखेर हातात येतो. मी स्वतः घेऊन दवाखान्यात येतो. त्यांना दाखवीन तर नीट दाखवीन."

"नाना, महिनाअखेर नाही हो होणार. आज द्या. कसलीही द्या. धूसर द्या, फाटकी द्या!"

"असं गाणं मी धूसर देऊ?"

"द्या ना!"

"मी देवाव नही."

काकू स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या, "अहो, द्या ना त्या पोराला!" ते जागचे हलले नाहीत. त्या दिवशी मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. तेव्हाही अहो-जाहोच केलं, पण शिव्या अस्सल होत्या. त्याच आठवड्यात खोली सोडली. पुढे बदली जळगावला करून घेतली.

आई त्या महिन्याच्या वीस-बावीस तारखेला गेली. स्वतःचा आवाज न ऐकता गेली.

दहाव्याला आमच्या ओट्यापुढे माणसं बसलेली होती. पाहतो तर नाना. धुळ्याहून दोन गाड्या बदलून आलेले, काखेत गोधडीत गुंडाळलेलं खोकं, दुसऱ्या हातात तो जड डबा. घामानं निथळत होते. "आणलाय," म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार माणसांत मी त्यांना म्हणालो, "कोणाला दाखवता आता? पिंडाला?" आतून आबांचा आवाज आला, "येऊ दे रे त्याले. येऊ दे." मी येऊ दिलं नाही. पायरीवरसुद्धा पाय ठेवू दिला नाही. ते खोकं उचलून स्टँडकडे गेले. पाणीसुद्धा विचारलं नाही मी. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आणि पुढची कितीतरी वर्षं वाटलं नाही.

त्यानंतर एकदाच मी त्या डिस्का बाहेर काढल्या होत्या. जळगावात एका कॉम्प्युटरवाल्याला दाखवल्या. त्यानं घातल्या, म्हणाला, "रिकाम्या आहेत." नाना गिऱ्हाइकाला रिकाम्या डिस्का देतील हे मला खरं वाटलं नाही, पण त्यांच्यावर चिडायला आणखी एक कारण मिळालं ते मी घेतलं. लाल डब्या कपाटात तळाशी टाकल्या. नाना गेले, मी गेलो नाही, ते वर सांगितलंच आहे.

आता आबा माझ्याकडे जळगावला असतात. ऐंशी पार झाली. एक कान पूर्ण गेला, दुसऱ्यात मशीन आहे. ह्या वर्षी डॉक्टर म्हणाले की हाही फार तर वर्षभर. घरी आल्यावर आबा आईच्या फोटोपुढे जाऊन बसले. मग म्हणाले, "ते तुह्या बहिनीच्या लग्नाचं हाये ना? तिचा आवाज आयकव मले एकदा. जाळलं तं मीच व्हतं." सोळा-सतरा वर्षं हा माणूस ते मनात धरून बसला होता, आणि मी समजत होतो की राग फक्त मला आहे.

पहिल्यांदा काकूंना फोन लावला. त्या मुलाकडे पुण्याला असतात. मी कोण ते सांगितलं, तर आधी नुसत्या रडल्या. म्हटलं, मूळ कॅसेटी असतील का? "कॅसेटी कुठल्या रे? एकावर एक पाच-पाच लग्नं घ्यायचे. म्हणायचे, डिस्कवर गेलं ते कायमचं झालं." कॉम्प्युटर, प्लेअर? सगळं भंगारात. खुर्ची उपटायला मात्र गवंडी लावावा लागला, म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि भिंतीवर मूठ आपटली. घ्या! कायमचं झालं!

शेवटचा उपाय म्हणून एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेलो. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी ड्रॉवरमधून एक डिस्क ड्राइव्ह शोधून काढला, लॅपटॉपला जोडला, हळदीची डिस्क घातली. दोन मिनिटं घरघर झाली. "आहे की," म्हणाल्या.

"काय आहे?"

"सगळं आहे. साधीच डीव्हीडी आहे ही, फक्त वेगळ्या पद्धतीनं लिहिलेली. तेव्हाच्या कॉम्प्युटरला कळली नसेल, रिकामी दाखवली असेल. नंतरचा कुठलाही वाचतो. दहा-बारा वर्षांपूर्वी आणली असती तरी निघाली असती."

साध्या कोऱ्या डिस्कवर लाल लिहितो, हे तो माणूस मला रोज ओरडून सांगत होता. मी हसत होतो. दहा-बारा वर्षं! त्या दहा-बारा वर्षांत आबांचे दोन्ही कान चांगले होते. बाईंनी सांगितलं, की दोन डिस्का उन्हाळ्यांनी गेल्या, दोन वाचल्या. हळदीची वाचली. पडद्यावर आईचा चेहरा आला तसा मी म्हणालो, "थांबवा. घरी बघू. आवाज आहे ना?"

त्यांनी कानाला हेडफोन लावून बघितला. "आहे. छान स्वच्छ आहे."

रविवारी सकाळी ताईला बोलावून घेतलं. आबांच्या मशीनला नवा सेल घातला. ते टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसले. मी पेन ड्राइव्ह लावला.

काय चित्र होतं! नाना, काय चित्र काढलं होतं तुम्ही! आईच्या कपाळावरचा घामाचा थेंब न् थेंब, बोटांच्या पेरांतली हळद, पदराखालून डोकावणारा माईक. ताईनं तोंडाला पदर लावला. आबा पुढे वाकले. आईनं बाजूच्या बायकांकडे बघून मान हलवली, श्वास घेतला, तोंड उघडलं.

आणि सिनेमाचं गाणं सुरू झालं. सनई, ढोलक, कोणीतरी पट्टीची गायिका. आईचे ओठ हलताहेत, गळ्याची शीर ताणली गेली आहे, बायका हसून एकमेकींना टाळ्या देताहेत, आणि वर ते गाणं. बावीस मिनिटं गाणीच गाणी, एकाला लागून एक.

मग मला आठवलं. इतकी वर्षं आठवलं नव्हतं, किंवा मी आठवू दिलं नव्हतं. यादी मी दिली होती. ताईच्या सासरच्यांना गाणी पाहिजे होती, मलाही पाहिजे होती. कचेरीच्या कागदावर स्वच्छ अक्षरात अकरा गाणी लिहून मी खाली गेलो होतो. नानांनी यादी वाचली. "हळदीवर पण? तुमच्या आईचा आवाज झाकू?" मी म्हणालो, "नाना, बाया घरात गातात ते कोण ऐकतं? गाण्याशिवाय लग्नाची सीडी असते का? लोक हसतील." सीडी म्हटलं मी, आणि ते चिडलेसुद्धा नाहीत. नुसतं म्हणाले, "परत विचार करा." मी म्हणालो, "विचार झालेला आहे, लग्न आमचं आहे." आयुष्यात त्यांनी गिऱ्हाइकाचं ऐकलं ते तेवढंच. पुढे आईचा निरोप घेऊन गेलो तेव्हा कॅसेटवर दुसरं लग्न चढलेलं असणार. मग हा माणूस मला दाखवणार तरी काय होता? आणि ते पाणी डोळ्यांत कशाचं होतं, हे मी आता कोणाला विचारू?

ताईनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. ती उठून आत गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला.

आबांना काही कळलं नव्हतं. ते टीव्हीच्या आणखी जवळ सरकले, कानातलं मशीन बोटानं दाबलं. "गाऊन रायली ना ती? तोंड तं हालून रायलं." आबांनी मशीन काढलं, शर्टाला पुसलं, परत घातलं. "कान साले मेले माहे. तिचा सूर लागूनच नाई रायला. आवाज वाढव रे."

मी वाढवला.

"अजून वाढव."